पाय टेकेपर्यंत

समोरच्या अंगणात जी मोटरसायकल उभी असते तिच्याबद्दल आमच्या गल्लीत बरंच काही बोललं जातं, आणि त्यातलं निम्मं मीच पसरवलेलं असल्यामुळे खरं काय ते सांगण्याचा मानही माझाच. मी काही कुणाच्या घरात मुद्दाम डोकावत नाही. माझ्या ओट्यासमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर त्यांचं अंगण. आता भांडी घासताना माणसाने डोळे ठेवायचे तरी कुठे?

समोर राहतात ते चष्मेवाले. बाजारात त्यांचं चिंचोळं दुकान आहे. दिवसभर लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवायचं, डोळ्यांपुढे भिंगं बदलत राहायचं आणि दर भिंगाला विचारायचं, "आता बरं दिसतं, की मघाशी बरं होतं?" हा प्रश्न विचारून विचारून त्यांचा स्वभावच तसा झालाय. कुठलीही गोष्ट ते एकदा बघून सोडत नाहीत. रस्त्याने चालताना मध्येच थांबतात, मान तिरकी करतात, समोरची टेकडी पुसून लख्ख करायची असल्यासारखी न्याहाळतात आणि मग पुढे निघतात. तोवर मागच्या सायकलवाल्याने दोनदा घंटी वाजवलेली असते. उंचीला आमच्या फ्रिजएवढे, आणि फ्रिज छोटा आहे. मी त्यांना भाऊजी म्हणते.

त्यांची बायको म्हणजे आमची ताई. पार्सलच्या ऑफिसात वजनकाट्यावर बसते. कापडं वाळत घालायची दोरी आमची एकच आहे, या टोकाला माझा खिळा, त्या टोकाला तिचा. त्या दोरीखालून मी ताठ चालत जाते आणि ती वाकून जाते, यावरून काय ते समजा. लग्नातल्या फोटोत फोटोग्राफरने भाऊजींना पायरीवर उभं केलंय. पण कॅमेरा धरताना पायरी लपवायला विसरला. तो फोटो त्यांच्या बाहेरच्या खोलीत आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी नवरा बघतो, मग पायरी बघतो, मग पाणी मागतो.

दोघं एकत्र चालताना कधी दिसायची नाहीत. एकाच ठिकाणी जायचं असलं तरी भाऊजी आधी निघणार, किंवा काहीतरी विसरल्याचं सोंग करून मागे राहणार. ताई आपली लांब ढांगा टाकत बस पकडणार.

तर अशा माणसाने एके दिवशी मोटरसायकल घ्यावी, आणि तीही कसली. डोंगरदऱ्यांतून पाइपलाइनची मोजणी करत फिरणाऱ्या एका धिप्पाड माणसाची ती गाडी. चाकं मोठी, सीट उंच, खडबडीत रस्त्याचे दणके पोटात घेता यावेत म्हणून शॉकअप लांबलचक आणि मऊ. गाडी आली तीसुद्धा कशी, तर पुढे धिप्पाड माणूस आणि त्याच्या पाठीला चिकटून भाऊजी. अंगणात उतरल्यावर धिप्पाड माणूस गाडीकडे बघत म्हणाला, "हिला सांभाळा." मग भाऊजींकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुम्ही सांभाळून राहा."

भाऊजींनी दुकानातलं स्टूल आणलं, स्टुलावरून सीटवर चढले आणि बसले. दोन्ही पाय हवेत. अंगापेक्षा बोंगा मोठा ही म्हण मला शाळेत असताना नीट कळली नव्हती. त्या संध्याकाळी कळली.

ताई दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "माझी अट ठाऊक आहे ना?"

ही अट गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. लग्न नवं होतं तेव्हा भाऊजींनी मित्राची स्कूटर मागून आणली आणि ताईला मागे बसवून फिरायला नेलं. रेल्वेचं फाटक लागलं. स्कूटर थांबली, भाऊजींनी पाय खाली सोडला, पाय काही जमिनीपर्यंत पोचला नाही, आणि दोघं स्कूटरसकट शांतपणे आडवी झाली. चालत्या गाडीवरून पडलं तर निदान अपघात म्हणता येतो, लोक धावत येतात. उभ्या गाडीवरून पडलेल्याला काय म्हणायचं? फाटकात थांबलेली सगळी माणसं पोट धरून हसली. ताई उठली, कपडे झटकले आणि त्याच पावली चालत घरी आली. घरी आल्यावर म्हणाली, "तुमचे दोन्ही पाय जमिनीला टेकतील तेव्हा मी मागे बसेन. तोपर्यंत बस आहेच." बाई अबोल आहे, पण एकदा बोलली की काट्यावर मोजून दिल्यासारखं. त्यात मागेपुढे होत नाही.

आता इतक्या वर्षांनी, डोक्यावरचे केस पिकल्यावर, भाऊजींना तो मुद्दा पुन्हा काढावासा वाटला होता.

गाडी आल्यापासून त्यांची संध्याकाळ बदलली. दुकानातून यायचं, चहा प्यायचा, गाडी मेन स्टँडवर उभी आहे याची खात्री करायची आणि स्टुलावरून चढून बसायचं. इंजिन बंद, चाकं बंद. हात हँडलवर, नजर समोरच्या भिंतीवर. ती भिंत माझी. पण भाऊजींना तिथे भिंत दिसत नसे. ऊन उतरून अंगणात पिवळट उजेड पसरलेला असायचा, दोरीवरची कापडं हळूहळू हलत असायची, आणि हा माणूस न हलता कुठल्या कुठे निघालेला असायचा. कधी डावीकडे झुकायचे, कधी उतार लागल्यासारखे मागे रेलायचे.

"अगं, धरण लागलं," एकदा त्यांनी आत हाक दिली.

"मग पाण्यात घालू नका," आतून उत्तर आलं.

"डाव्या बाजूला नुसतं पाणी आहे. भिंतीवरून रस्ता जातो. वारा बघ किती सुटलाय."

"वारा सुटला असेल तर कापडं काढून आणा."

भाऊजी धरणावरून उतरले, स्टुलावर पाय ठेवला, कापडं काढली, आत दिली आणि परत जाऊन धरणावर बसले. मी ओट्याशी उभी होते. हातातलं भांडं पुन्हा पुन्हा घासलं जात होतं. खोटं कशाला बोलू, थोडा वारा मलाही लागला.

पण मला गप्प बसवत नाही. दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून विचारलंच, "काय भाऊजी, उंटावरून शेळ्या हाकणं कसं चाललंय?"

ते हसले. त्यांना कुणाचं काही लागत नाही, त्यामुळे चिडवण्यातली निम्मी मजा जाते. "वहिनी," म्हणाले, "तुम्ही कधी बघितलंय का, गाडीवर बसलेल्या दोघांत उंच कोण ते कळतच नाही. उभी माणसं उंच असतात, बुटकी असतात. बसलेली माणसं नुसती बसलेली असतात."

"मग घरात सोफ्यावर बसा की दोघं."

"सोफा कुठे जात नाही," ते म्हणाले.

यावर मला पटकन काही सुचलं नाही. असं माझं फार क्वचित होतं. घरात आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं झालं, कुणीतरी तुझं तोंड बंद केलं." पण मला मात्र तेव्हा उमगलं की या बाबाला मोटरसायकल नकोच आहे. त्याला बायकोच्या बरोबरीने एकदा जगात फिरून यायचंय, कुणीही पायरी न शोधता.

कोपऱ्यावर गॅरेज आहे. तिथला मिस्त्री भला माणूस, पण गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच करणार, एक आटा जास्त फिरवणार नाही. भाऊजी त्याला म्हणाले, "मागून खाली करा. माझे पाय टेकायला हवेत."

मिस्त्रीने मागचे लांब शॉकअप काढले आणि आखूड बसवले. गाडीचं बूड खाली आलं आणि पुढची बाजू होती तिथेच राहिली, त्यामुळे ती गाडी आता आभाळाकडे तोंड करून बसलेल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली. दिवेलागणीला भाऊजींनी दिवा लावून बघितला तर उजेड रस्त्यावर पडेचना. तो थेट वर गेला, समोरच्या झाडात. सगळी पानं आतून पेटल्यासारखी हिरवी झाली. घरट्यातले कावळे उठून बसले आणि एकमेकांना बोलायला लागले. वरच्या मजल्यावरचे शिक्षक खिडकीत आले आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "अहो, मी झोपलो नव्हतो, पण म्हणून काय..."

"दिवा बंद करा," ताई म्हणाली.

"जरा थांब," भाऊजी म्हणाले. ते गाडीवर बसून मान वर करून झाडाकडे बघत होते. मग ताईनेही वर बघितलं. मीही. सगळी गल्ली थोडा वेळ त्या झाडाकडे बघत उभी राहिली. तीच पानं, रोजचीच, पण जणू कुणीतरी भिंग बदललं होतं. मग कावळ्यांनी फारच दंगा मांडला, तेव्हा त्यांनी दिवा बंद केला.

पुढची बाजूही खाली आणली गेली. मिस्त्रीने पुढच्या चाकाचे लांब पाइप हँडलखालच्या पकडीत वर सरकवले आणि गाडी सपाट झाली. मग साइड स्टँडची पाळी. गाडी खाली आली आणि स्टँड तेवढाच लांब राहिला, त्यामुळे ती स्टँडवर कलेचना. ताठ उभी राहायची, विचार करायची आणि पलीकडच्या बाजूला पडायची. एकदा माझ्या भिंतीवर येऊन टेकली. मी म्हटलं, "भाऊजी, तुमची गाडी माझ्याकडे झुकायला लागलीय, ताईला सांगू का?" मिस्त्रीने स्टँड कापून आखूड केला.

आणि मग रूप. एकदा पाय टेकायला लागल्यावर भाऊजींना चेव चढला. हँडल बदललं, खाली वाकलेलं घेतलं. मागे जुन्या पद्धतीचं भरगच्च मडगार्ड लावलं, चाकाला अर्धं झाकणारं. सीट उसवून घेतली. आधीची सीट पुढे खोलगट आणि मागे उंचवटा अशी होती. तो उंचवटा काढून त्यांनी सरळ, एका पातळीची करून घेतली. "मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावर कशाला?" म्हणाले. शिवणाऱ्याला वाटलं फॅशन आहे. मला कारण ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही. म्हणजे फार जणांना सांगितलं नाही.

टाकीच्या रंगाने तर पेंटरचा जीव घेतला. भाऊजींना हवा होता सूर्य बुडून गेल्यानंतरचा रंग. दिवे लागलेले नसतात आणि उजेडही उरलेला नसतो तेव्हाचा. पेंटर म्हणाला, "साहेब, त्याला राखाडी म्हणतात." भाऊजी म्हणाले, "राखाडी नाही, आत निळा आहे." पेंटरने निळा घातला. "आता जरा जास्त झाला. मघाशी बरा होता." पेंटरने जांभळ्याचा थेंब टाकला. शेवटी तो बिचारा डबा घेऊन अंगणात आला, दोघं सूर्य बुडेपर्यंत गप्पा मारत बसले, आणि तो रंग आभाळात उमटला तेव्हा त्याच उजेडात त्याने मिश्रण केलं. फार वेळ मिळत नाही त्या रंगाला. पण जमलं. ती टाकी सकाळी बघितली तरी संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. आमच्या ह्यांनी एकदा तिच्याकडे बघून दुपारीच चहा मागितला.

मग सुट्टीचा दिवस ठरला. गल्ली गॅलऱ्यांत आली. आमंत्रण कुणी दिलं होतं ते विचारू नका. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून गाडीवर बसले. स्टूल लागलं नाही. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, टाचांसकट. त्यांनी पायांकडे बघितलं, मग दाराकडे.

ताई बाहेर आली. ऑफिसची पँट, पायात बूट. तिने वाकून त्यांचे पाय बघितले, पार्सलची गाठ तपासतात तसे. "टेकलेत," म्हणाली. आणि दिलेल्या शब्दाला जागून मागे बसली.

गाडी खाली बसली. आधीच खाली आणलेली ती, दोघांच्या वजनाने आणखी खाली गेली. भाऊजींचे गुडघे पोटाशी आले, ताईचे त्यांच्या कानाशी. भाऊजींनी क्लच सोडला. चाक त्या भरगच्च मडगार्डला घासलं, खर्र असा आवाज आला, गाडी हातभर सरकली आणि बंद पडली. जळक्या रबराचा वास सुटला. पुन्हा सुरू केली, पुन्हा खर्र. वरच्या गॅलरीतून कुणीतरी म्हणालं, "पिठाची गिरणी चालू झाली," आणि सगळे हसले. मीही हसले. मी कशी नाही हसणार?

ताई उतरली. भाऊजींच्या खांद्यावर बोट टेकवलं न टेकवलंसं केलं आणि आत गेली. भाऊजी गाडीवर तसेच बसून राहिले. दोन्ही पाय जमिनीवर होते, आणि मी त्यांना इतकं खाली बसलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते धरणावर गेले नाहीत. त्यानंतरही नाही. गाडीवर चादर टाकली. दुकानातून येऊन चहा पिऊन ते आतच बसायचे आणि माझ्या खिडकीला बघायला नुसती चादर उरली.

एकदा दोरीवर कापडं घालताना मी ताईला विचारलं, "काय गं, विकणार का ती?"

ताई चिमटा तोंडात धरून विचार करत होती. मग चिमटा काढून म्हणाली, "आमच्याकडे काटा आहे ना, त्यावर पार्सल ठेवलं की ताट खाली जातं."

"जाणारच."

"मऊ स्प्रिंगचं जास्त जातं." तिने शर्ट झटकला. "यांनी गाडी मोजली ती एकट्याला बसवून. रिकाम्या काट्यावर मोजली. जायचं होतं दोघांना."

ती दोरीखालून वाकून तडक गॅरेजकडे निघाली. मलाही नेमकं त्याच वेळी कोपऱ्यावरून साबण आणायचा होता.

"जुने शॉकअप आहेत का अजून?" तिने मिस्त्रीला विचारलं.

"आहेत. पण ताई, ते लावले तर साहेबांचे पाय परत हवेत."

"मी बसले नसताना हवेत."

मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि डोकं खाजवलं. "पण मग तुम्ही बसायच्या आधी..."

"ते मी बघते. तुम्ही लावा."

लागले. पुढचे पाइप खाली आले. कापलेला स्टँड पुन्हा जोडला गेला, आणि वेल्डिंग करताना मिस्त्री पुटपुटत होता की या घरातली माणसं आधी एकमेकांशी का बोलत नाहीत. टाकी, सीट, हँडल होतं तसंच राहिलं. गाडी आली, उंच, संध्याकाळच्या रंगाची. भाऊजींनी तिच्याकडे बघितलं आणि हताश होऊन म्हणाले, "अगं, आता तर टेकणारच नाहीत. तूच म्हणाली होतीस, पाय टेकल्याशिवाय बसणार नाही."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय, मी बसल्याशिवाय ते टेकत नाहीत," ताई म्हणाली. "कुणीतरी आधी बसायला हवं."

या वेळी गॅलऱ्या रिकाम्या होत्या, सकाळची वेळ, लोक आपापल्या कामात. मी तेवढी ओट्याशी. भाऊजी स्टुलावरून चढले. ताईने पाय टाकला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना बूट रोवून, सीटला न टेकता, नुसती उभी राहिली. तिला ती गाडी उंच नव्हतीच कधी. तिने दोन्ही हातांनी सीटच्या कडा धरल्या आणि म्हणाली, "काढा स्टँडवरून."

"पडू आपण."

"मी धरलंय."

भाऊजींनी डोळे मिटले असावेत. आज गाडीचं तोंड गल्लीकडे होतं, मला इथून पाठ दिसत होती. दोघांनी मिळून रेटा दिला, गाडी पुढे सरकली, स्टँड उडाला, चाकं जमिनीवर आली. गाडी हलली नाही. भाऊजींचे बूट हवेत लोंबत होते आणि त्यांच्या मागे ताई दोन खांबांसारखी उभी. मग ती हळूहळू बसायला लागली. मोठं माणूस झोपलेल्या मुलाच्या कडेला बसतं तशी, गादी दचकणार नाही अशा बेताने. जसजशी ती बसत गेली तसतशी गाडी खाली येत गेली, अगदी सावकाश, एखादी नाव माणसं चढताना पाण्यात बसते तशी. भाऊजींचे बूट खाली आले. आधी चवडे. मग थोडं थांबून, आणखी थोडं.

"आता?" ताईने विचारलं.

"मघापेक्षा बरं," भाऊजी म्हणाले.

"टाचा?"

"टाचांचं नंतर बघू."

तिने पाय वर उचलले आणि फूटरेस्टवर ठेवले. आता गाडी भाऊजींच्या पायांवर उभी होती. इंजिन सुरू झालं, भाऊजींनी क्लच सोडला, आणि दोघंही गेल्या वेळचा तो खर्र ऐकू येतो का याचा कानोसा घेत होती. आला नाही. गाडी माझ्या भिंतीच्या कडेने निघाली. गल्लीतून गेली, गॅरेजपाशी मिस्त्रीने पाना वर करून सलाम केला, आणि वळण घेऊन दिसेनाशी झाली. दोघं सरळ बसलेली, एका पातळीवर. धरणाकडे गेली की आणखी कुठे, ते मी संध्याकाळी विचारलं. ताई म्हणाली, "लांब." एवढंच. तिच्या चेहऱ्यावर ऊन लागल्याची रेघ होती.

आता एक भानगड झालीय. भाऊजींना एकट्याने ती गाडी चालवता येत नाही. ताई मागे नसेल तर पाय टेकत नाहीत, त्यामुळे दुकानात ते पूर्वीसारखेच चालत जातात. गाडीचं तेल बदलायचं असलं तरी गॅरेजपर्यंत दोघं मिळून जातात. मिस्त्री म्हणतो, असं गिऱ्हाईक मी बघितलं नाही, एक नट आवळायचा तरी जोडीने येतात.

परवा पेट्रोल पंपावर मी आमच्या ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून रांगेत होते आणि पुढे ही दोघं. पंपावरचा पोरगेला माणूस नळी हातात घेऊन म्हणाला, "मॅडम, उतरा जरा, पेट्रोल भरायचंय."

"मी उतरत नाही," ताई म्हणाली.

"नियम आहे मॅडम, उतरायला लागतं."

"मी उतरले तर हे पडतील."

त्याने भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी गंभीरपणे मान हलवली. मागची रांग हॉर्न वाजवायला लागली. शेवटी नियमाचा मान राखायला ताई सीटवरून उठली, गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय रोवून, सीट घट्ट धरून उभी राहिली. भाऊजी हळूच वर गेले. त्यांचे पाय जमिनीपासून सुटले, आणि ते तसेच अधांतरी बसून टाकी भरायची वाट बघत राहिले, इतके निवांत, की पंपावरच्या माणसाने नळी लावायच्या आधी एकदा त्यांच्या बुटांखाली वाकून बघितलं.